न्हाणीघरातील आधार

आजी-आजोबांच्या औषधांच्या वेळा घरातील सर्वांना पाठ असतात. परंतु न्हाणीघरात एकटी गेल्यावर ती कशाला धरून उठतात, हे पुष्कळदा कोणीच पाहिलेले नसते. पडण्याचे भय मनात बसले, की कित्येक वृद्ध माणसे तेथे वारंवार जावे लागू नये म्हणून पाणीच कमी पितात आणि संकोचामुळे ही गोष्ट कोणापाशी बोलत नाहीत. सुरतेच्या उन्हाळ्यात हे किती घातक, ते सांगावयास नको. म्हणून विद्यार्थिमित्रांनो, साधन घेण्यासाठी दुकानात जाण्यापूर्वी त्या माणसाला विचारावे व त्याची बसण्या-उठण्याची रीत नीट पाहावी.

एकच साधन सर्वांस उपयोगी पडत नाही. ज्याचे गुडघे दुखतात त्यास उकिडवे बसवत नाही. त्याच्यासाठी देशी संडासावर ठेवावयाची, बैठकीस मध्ये भोक असलेली खुर्ची मिळते. कमोड असल्यास त्यावर बसवावयाची उंच बैठक मिळते. उंची मात्र अंदाजाने घेऊ नये. माणसास साध्या खुर्चीवर बसवून गुडघ्यामागील खळगीपासून जमिनीपर्यंत शिंप्याच्या फितीने माप घ्यावे. बैठक त्याहून फार उंच झाली तर पाय लोंबकळतात. सखल झाली तर उठताना सारा भार गुडघ्यांवर येतो.

स्नानासाठी प्लॅस्टिकची साधी खुर्ची सर्रास वापरली जाते. साबणाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या लादीवर तिचे पाय फाकतात. त्यापेक्षा हात व पाठ असलेली, पायांना रबरी टोप्या बसविलेली खुर्ची थोडी महाग पडली तरी घ्यावी. बादलीही पाटावर किंवा चौरंगावर ठेवावी. आम्हा कोंकणी मंडळींच्या जुन्या न्हाणीत चुलीवरच्या भाणातून ऊन पाणी तांब्याने घेत. भाण उंचावर असल्याने फारसे वाकावे लागत नसे. ती सोय नळ आल्यावर गेली!

भिंतीवरील दांडीविषयी अधिक सावधगिरी हवी. टॉवेलची दांडी टॉवेलापुरतीच असते. माणसाचा भार पडताच ती उखडते. रबरी चकतीने फरशीला चिकटणारे दांडेही विश्वासार्ह नाहीत, कारण त्यांची पकड केव्हा सुटेल ते कळत नाही. दांडी मुठीत सहज मावेल इतकी जाड, शक्यतो खरखरीत पृष्ठभागाची असावी आणि तिचे खिळे फरशी ओलांडून विटेत घट्ट बसलेले असावेत. फरशी ठोकून पोकळ आवाज आला, तर गवंड्यास ती जागा आधी भरावयास सांगावे. पक्षाघात झालेल्या माणसासाठी दांडी त्याच्या सशक्त हाताच्या बाजूस लावावी, हे उघड असूनही अनेकदा विसरले जाते.

चाकाच्या खुर्चीवरील माणसाचा प्रश्न निराळा. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था स्थापन केली. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचे आत्मकथन वरच्या वर्गातील मुलांनी अवश्य वाचावे. खुर्ची मिळाली तरी न्हाणीघराचे दार अरुंद आणि उंबरा उंच असेल, तर ती बाहेरच अडते. तेव्हा आधी दाराची व खुर्चीची रुंदी मोजावी. दार बाहेर उघडणारे असावे, कारण आत पडलेल्या माणसाच्या शरीरामुळे आत उघडणारे दार अडते. कडीही बाहेरून काढता येण्याजोगी ठेवावी.

दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठ नागरिकांसाठी केंद्र सरकारने २०१७ साली ‘राष्ट्रीय वयोश्री योजना’ सुरू केली. तीत काठ्या, कुबड्या, चाकाच्या खुर्च्या इत्यादी साधने विनामूल्य दिली जातात. तेथेही आधी शिबिरात माणसाची तपासणी होते, साधन नंतर.

साधन घरी आणल्यावर पहिला सराव कोरड्या लादीवर, अंगावर कपडे असताना करावा. घरचे कोणी जवळ उभे राहावे, पण न सांगता हात धरू नये. पुढे दर महिन्याला दांडीचे खिळे हलवून पाहावेत आणि झिजलेल्या रबरी टोप्या बदलाव्यात. हे काम सातवी-आठवीतल्या मुलासही जमते.