पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका

पोरींनो, पोरांनो,

तुमच्या संस्था अजून लहान आहेत. कुणाची दोन वर्षांची, कुणाची पाच. आता तुम्ही वस्तीतल्या कार्यकर्त्यांना तयार करायला निघाला आहात. माझं आयुष्य मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत गेलं. ठेचा लागून जे कळलं, ते तुमच्या कानावर घालते.

आधी एका घराचा महिना मांडा. शहरात पैसा हातात येतो, पण टिकत नाही. पाणी हंड्यावर विकत, संडासाला प्रत्येक खेपेला नाणं, खोलीचं भाडं, आजारपण, आणि या सगळ्यासाठी उचललेल्या पैशांवरचं व्याज. नव्या कार्यकर्तीला पहिल्या आठवड्यात गरिबीची व्याख्या शिकवू नका. तिला एका घरी बसवा आणि महिन्याची मिळकत, खर्च, उसनवारी वहीत उतरवायला सांगा. गळती कुठे आहे ते त्या पानावर दिसतं. पाण्यावर पैसा जात असेल तर नळजोडणीचा अर्ज आधी. औषधांवर जात असेल तर धर्मादाय रुग्णालय आधी. तिथे १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखीव असतात. हे ठाऊक नसल्यामुळे मंगळसूत्र गहाण पडलेलं मी पाहिलं आहे. काम कुठून सुरू करायचं, ते त्या वहीला विचारा.

वर्ग वस्तीच्या वेळेला घ्या, आणि वस्तीतच घ्या. नाक्यावर उभा राहणारा मजूर सकाळी येणार नाही. धुणीभांडी करणारी बाई दुपारी तासभर मोकळी होते. पाण्याच्या वेळेला बैठक लावली, तर जिच्या दारात नळ आहे ती येते आणि जिच्यासाठी बैठक आहे ती रांगेत राहते. समाजमंदिर, बालवाडीची खोली, देवळाचा ओटा, कुठलीही जागा चालेल. मूल मांडीवर घेऊन बसता आलं पाहिजे.

मोजणी वस्तीतल्या माणसांकडूनच करून घ्या. १९८५ मध्ये मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. झोपड्या तुटण्याची भीती डोक्यावर होती. त्याच वर्षी ‘स्पार्क’ या संस्थेने फुटपाथवरच्या लोकांनाच सोबत घेऊन सुमारे ६,००० कुटुंबांची मोजणी केली. जी माणसं कुठल्याच यादीत नव्हती, ती यादीत आली. भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांमधूनच पुढे ‘महिला मिलन’ ही संघटना उभी राहिली. पुण्यात १९९३ मध्ये कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ सुरू झाली. कचरावेचक बायका किती माल उचलतात आणि त्यातून महापालिकेचा किती खर्च वाचतो, हे आकड्यांत मांडलं गेलं. दया मागण्याऐवजी हिशेबावर बोलता येऊ लागलं. २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही त्यांचीच सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करू लागली. तुम्ही मोजाल तेव्हा गल्लीचा नकाशा खडूने जमिनीवर काढा आणि तयार झालेली यादी चौकात मोठ्याने वाचा. सुटलेलं घर शेजारीण लगेच सांगते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. एका विधवा बाईचा रेशनकार्डात मुलांची नावं घालायचा अर्ज आम्ही तीनदा दिला. तिन्ही वेळा कार्यालयाने सांगितलं, असा अर्ज आलाच नाही. आमच्याकडे शिक्का नव्हता, तारीख नव्हती, आणि सांगायला तोंडही नव्हतं. त्या घराने वर्षभर कमी धान्यावर काढलं. त्या दिवसापासून मी शिकवते: अर्जाच्या दोन प्रती, एकीवर शिक्का, सही, तारीख. ऑनलाइन अर्ज असेल तर क्रमांक वहीत. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाखाली अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली असते आणि मुदत टळली तर अपील करता येतं. पण मुदत मोजायची कुठून? पोचेवरच्या तारखेपासून. माहिती अधिकारातही तसंच. १० रुपये फी, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही, आणि उत्तर ३० दिवसांत. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि तोही १५० शब्दांत मांडायचा असतो, म्हणून रडगाणं न लिहिता थेट प्रश्न लिहायला शिकवा.

प्रत्येक कार्यकर्तीला हक्काचा हिशेब तोंडपाठ हवा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य आहे आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. म्हणजे प्राधान्य घरात सहा माणसं असतील तर ३० किलो. कार्डावर चारच नावं असतील तर दर महिन्याला १० किलोंचा घाटा. हे गणित तिने त्या घरच्या बाईसमोर बोटांवर करून दाखवावं. फेरीवाल्याला सांगावं की २०१४ च्या कायद्याने शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के जागा फेरीवाल्यांच्या आहेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायकांच्या.

खिडकीवर तुम्ही बोलू नका. ही चूक मी स्वतः केली आहे. तीन वर्षं मी सगळ्यांच्या वतीने भांडले. लोक कौतुक करायचे. मग मी चार महिने अंथरुणाला खिळले आणि एकही बाई कार्यालयात गेली नाही. मी त्यांना काम करून दिलं होतं, काम शिकवलं नव्हतं. पुढे मी वर्गातच खिडकी मांडली. एकीने कारकून व्हायचं, एकीने अर्जदार. कारकुनाने “उद्या या” म्हणायचं आणि अर्जदाराने शांतपणे विचारायचं, “साहेब, उद्या का, ते लिहून द्याल?” दहा वेळा हे बोलून झालं की अकराव्या वेळी खऱ्या खिडकीवर आवाज कापत नाही. तुम्ही मागच्या बाकड्यावर बसा.

बचत गट घाईने काढू नका. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, लिहिलेला हिशेब ही पंचसूत्री सगळे पाठ म्हणतात. कर्ज कोणाला आधी, हा प्रश्न आला की गटाची खरी परीक्षा होते. तो निर्णय गटाने घ्यावा, संस्थेने मध्ये पडू नये. वहीचं काम एकाच शिकलेल्या मुलीकडे ठेवू नका, दर सहा महिन्यांनी हात बदला. आणि गटाचा हिशेब मागता, तसा संस्थेचा खर्चही वर्षातून एकदा वस्तीत वाचून दाखवा. विश्वास तिथे बसतो.

एका वस्तीत चार संस्था असतील तर महिन्यातून एकदा एकत्र बसा. आम्ही एकदा नावं ताडून पाहिली. एका घरी तीन संस्थांचे लोक जात होते आणि नाल्याकाठच्या शेवटच्या रांगेत कोणीच गेलं नव्हतं. रांगा वाटून घ्या. श्रेय नंतर वाटता येईल.

आणि सहा महिन्यांनी परत जा. वर्गाला किती आले, हे विचारू नका. विचारा, कार्डात नाव चढलं का? दाखला हातात आला का? पुढच्या गल्लीतल्या बाईला हिने स्वतः नेलं का?

निघताना पिशवी तपासा. वही, दोन पेनं, झेरॉक्सला सुटे पैसे, आणि अंगठ्यासाठी शाईचं पॅड. सही न येणाऱ्या बाईला पॅड नाही म्हणून कोणी परत पाठवायला नको. शिक्का मारलेला कागद मात्र तुमच्या फायलीत ठेवू नका. तो तिच्या प्लास्टिकच्या पिशवीत, तिच्या घरी राहू द्या. पुढच्या वेळी लागेल तेव्हा तिला तुमच्या कार्यालयाचं कुलूप उघडायची वाट बघावी लागणार नाही.