खिडकीतील मेथी



वाडी सोडून आपण इमारतीत आलो. आपल्या मुलांना भाजी पिशवीतूनच येते असे वाटते. त्यांच्यासाठी खिडकीतली एक कुंडी पुरे. तळाला भोक हवे, माती चार-पाच इंच. रात्रभर भिजवलेली मेथी मुलाच्याच हाताने पेरावी, वर मातीचा पातळ थर द्यावा. ३ ते ५ दिवसांत अंकुर दिसतात. महिनाभरात भाजी खुडता येते.

मूल मायेने सारखे पाणी घालते आणि मुळे कुजतात. म्हणून आधी बोटाने ओल पाहायला शिकवू या. न उगवलेला दाणाही त्याला पाहू द्यावा.

वस्तू आपण घडवतो. रोप मात्र आतून वाढते. आपण माती, पाणी, ऊन द्यायचे आणि थांबायचे. मूल वाढवतानाही हे थांबणेच आपल्याला जड जाते.