देवाला मध्ये आणू नकोस

बयो, परवा फोनवर तू म्हणालीस, "ताई, आता या घरात देवधर्माचा विषयच काढायचा नाही, असं ठरवून टाकलंय मी." तेव्हा मी काही बोलले नाही. तुझा आवाज रडवेला होता आणि मागे कुणीतरी भांडी जरा जास्तच आपटत होतं. आज निवांत आहे, तर ऐक. विषय काढायचा नाही, हे जमणारं नाही गं. श्रावण लागला की दिवाळीपर्यंत ज्या घरात दर आठवड्याला काही ना काही असतं, तिथे तू तोंड शिवून बसलीस तरी विषय आपल्या पायांनी चालत येणार. तेव्हा गप्प बसणं सोड. कशावर बोलायचं आणि कशावर नाही, तेवढं शीक.

तुमची ठिणगी पडली ती त्या ग्रहणाला. ७ सप्टेंबर २०२५, भाद्रपद पौर्णिमा. जाऊबाईंना सातवा चालू होता आणि सासूबाईंनी दुपारपासून त्यांना मधल्या खोलीत बसवलं. खायचं नाही, प्यायचं नाही, सुरी-कात्री हातात धरायची नाही, आडवं व्हायचं नाही. तू कॉलेजात फिजिक्स शिकवतेस. तू टेबलावर लिंबू ठेवलंस, मोबाइलचा टॉर्च लावलास आणि पृथ्वीची सावली दाखवलीस. राहू-केतू म्हणजे नुसते छेदनबिंदू आहेत, हेही सांगितलंस. सगळं बरोबर होतं, आणि त्यातलं एक वाक्यही कामाला आलं नाही.

का आलं नाही? कारण सासूबाईंचं सावलीशी भांडणच नव्हतं. अगं, ग्रहण सावलीने लागतं हे आर्यभटाने पाचव्या शतकाच्या शेवटी लिहून ठेवलंय. रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी स्पर्श आणि १ वाजून २६ मिनिटांनी मोक्ष, या वेळा सासूबाईंनी ज्या पंचांगात पाहिल्या ते पंचांगही गणितानेच तयार होतं. ते गणित आकाशाशी जुळलंच पाहिजे म्हणून टिळकांनी केवढा आग्रह धरला होता. म्हणजे तू जी लढाई लढलीस, ती कधीच संपलेली आहे. सासूबाईंना भीती होती ती नातवंडाची. त्या भीतीला लिंबू दाखवून काय होणार?

पंचांग उघडायचं होतंस, बयो. ग्रहणाच्या माहितीत बारीक अक्षरात काय छापलेलं असतं, ते कुणी वाचतच नाही. लहान मुलं, म्हातारी माणसं, आजारी आणि गरोदर बायका यांच्यासाठी वेध उशिरा सुरू होतात. वेधात जेवायचं नसतं, पण पाणी पिणं, झोपणं, मोरीत जाणं यांना हरकत नाही. हे दाते पंचांगवाले सांगतात, मी नाही! म्हणजे दुपारपासून पाण्याविना बसवणं त्यांच्या शास्त्रातही बसत नव्हतं. राहिले ग्रहणाचे साडेतीन तास. तिथे म्हणायचं, "आई, बाळाचीच काळजी आहे ना? मग डॉक्टरांना एक फोन करूया. ते काय म्हणतात तसं करू." मी पैजेवर सांगते, दहाव्या मिनिटाला त्या स्वतःच तांब्यात तुळशीचं पान टाकून म्हणाल्या असत्या, "घे गं, एवढं चालतं."

तू म्हणशील, ही पळवाट झाली. असेना. त्या रात्री घरात तहानलेली एक बाई होती. राहूचं अस्तित्व काय, दुसऱ्या दिवशीही तपासता आलं असतं.

मात्र सगळीकडे असं चुचकारून चालत नाही. जिथे कुणी जगाबद्दल ठाम दावा करतं आणि त्यावर कुणाचं तरी आयुष्य ठरवतं, तिथे दावा तपासायलाच हवा. तुझ्या धाकट्या दिराचं स्थळ मंगळावरून मोडायला निघालेत ना? तिथे "थोतांड आहे सगळं" एवढं म्हणालीस की संपलं. पुढे कुणी ऐकत नाही. त्यापेक्षा जयंत नारळीकरांनी काय केलं ते सांग. २००८ च्या सुमारास त्यांनी आणि नरेंद्र दाभोलकरांसह काही सहकाऱ्यांनी आपल्या महाराष्ट्रातच ही चाचणी घेतली. १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या जन्मवेळा गोळा करून कुंडल्या मांडल्या. ज्योतिषांना जाहीर आवाहन केलं. भाग घेणाऱ्या प्रत्येकाला त्यातल्या ४० कुंडल्या पाठवल्या. कुठली हुशार मुलाची आणि कुठली नाही, एवढंच ओळखायचं. २७ जणांनी उत्तरं पाठवली आणि सरासरी निम्म्याच्याही थोडी खालीच आली. डोळे मिटून छापा-काटा केला असता तरी याहून वाईट झालं नसतं. २००९ साली 'करंट सायन्स'मध्ये हे सगळं छापून आलंय.

मला यात निकालापेक्षा रीत आवडते. कुणाची टिंगल नाही, टीव्हीवरचा आरडाओरडा नाही. काय झालं तर बरोबर म्हणायचं आणि काय झालं तर चूक, हे आधी ठरलं आणि मग कुंडल्या वाटल्या. घरातही हाच प्रश्न विचार. "मामंजी, काय दिसलं तर पत्रिका जुळूनही चुकली असं आपण मानू?" त्यांच्याकडे उत्तर नसलं तर ते त्यांनाच जाणवेल, तू बोट ठेवायची गरज नाही. आणि लगे हात सुचव, की पत्रिकेबरोबर दोघांची थॅलेसेमियाची रक्ततपासणीही करून घेऊ. दोघंही वाहक निघाले तर मुलाला तो आजार होण्याची शक्यता दर खेपेला चारात एक असते. याला कुठलाच मंगळ लागत नाही.

आणखी एक प्रकार आहे, तो मला या सगळ्यांत जास्त खटकतो. देव मानणाऱ्या म्हातारीचा मला राग येत नाही. पण "आपल्याकडे हे सगळं आधीच होतं, शास्त्र असतं ते" म्हणत फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी काहीतरी ढकलणाऱ्या शिकल्यासवरल्या काकांचा येतो. २०१५ च्या जानेवारीत मुंबईला इंडियन सायन्स काँग्रेस भरली होती, तिथे प्राचीन विमानांवर चक्क व्याख्यान झालं. आता त्यातला 'वैमानिक शास्त्र' हा ग्रंथ घे. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या अभ्यासकांनी तो १९७४ सालीच नीट तपासला होता. ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा निघाला आणि त्यातली विमानं उडण्याजोगी नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. काकांना एवढंच लिहायचं. आणि सोबत आर्यभटाचं ग्रहण, भास्कराचार्यांची 'लीलावती' यांचीही आठवण करून द्यायची. खरं सोनं घरात असताना पितळ मिरवायचं कशाला?

आता जिथे हात लावायचा नाही ते सांगते. सासऱ्यांची बायपास झाली तेव्हापासून सासूबाई गुरुवारी 'गजानन विजय' वाचतात, असं तूच सांगितलंस. स्टुलावर लाल फडक्यात बांधलेली पोथी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने जोडलेली, आणि अध्याय संपला की आधी सासऱ्यांच्या कपाळाला अंगारा. तिथे जाऊन पुरावा मागू नकोस. त्या जगाबद्दल काही सिद्ध करायला निघालेल्या नाहीत. ऑपरेशन थिएटरबाहेर बसून जी बाई एकटीने सगळं सोसून आली, तिने स्वतःला सावरण्यासाठी शोधलेली ती जागा आहे. तिथे तर्क चालवणं म्हणजे निव्वळ उद्धटपणा, त्याला वैज्ञानिक दृष्टिकोन म्हणत नाहीत. मात्र उद्या त्या म्हणाल्या, की अंगारा आहे तर रक्त पातळ करायच्या गोळ्या कशाला, तर त्याच मिनिटाला मध्ये पड. गोळी चालू आहे तोवर पोथीशी तुझं भांडण नाही.

समाजाचं बोलायचं तर प्रश्न साधा असतो: या श्रद्धेपायी दाराबाहेर कोण उभं राहतंय? सासूबाई वारीला जातात ना, त्यांना साने गुरुजींची आठवण काढून दे. १९४७ च्या मे महिन्यात गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले, विठोबाचं मंदिर अस्पृश्य म्हणून बाहेर ठेवलेल्या माणसांना उघडावं म्हणून. १ तारखेला बसले, दहा दिवस बसले, आणि मंदिर उघडलं. गुरुजी काही नास्तिक नव्हते. त्यांची विठ्ठलावर भक्ती होती म्हणूनच बंद दार त्यांना सहन झालं नाही. सासूबाईंना हे पटकन कळेल बघ, तुझ्यापेक्षाही लवकर.

पण गोष्ट इथेच थांबवू नकोस, नाहीतर सगळं गोडगोड होतं. त्याआधी नाशिकला २ मार्च १९३० पासून बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला. वर्षानुवर्षं चालला, लोकांनी मार खाल्ला, तुरुंगात गेले आणि दार बंदच राहिलं. १९३५ साली येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. "धर्माच्या भानगडीत राजकारण कशाला आणता?" असं घरात कुणी म्हटलं, की मला हेच आठवतं. दार कुणासाठी उघडायचं, हा प्रश्न आधीपासूनच राजकारणाचा आहे. शनी शिंगणापूरचा चौथरा बायकांसाठी खुला व्हायला २०१६ चा एप्रिल उजाडला. तोही उच्च न्यायालयाने १९५६ च्या मंदिरप्रवेश कायद्याकडे बोट दाखवल्यावर. साठ वर्षं कायदा कपाटात होता! जाऊबाईंना चौथऱ्यावर चढायचंय की नाही, ते त्यांचं त्या बघतील. चढू द्यायचं की नाही, हे दुसऱ्या कुणी ठरवायचं नाही, एवढंच तुझं म्हणणं असू दे.

निवडणूक आली की दिवाणखान्यात "आपल्या धर्माचा माणूस" सुरू होतं, तेव्हा मात्र आवाज न चढवता कायदा सांग. १९९० च्या सांताक्रूझच्या विधानसभा निवडणुकीवरून एक खटला सुरू झाला आणि तो २ जानेवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांपुढे संपला. चार विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला: उमेदवाराच्या काय किंवा मतदाराच्या काय, धर्म, जात, वंश, भाषा यांच्या नावावर मत मागणं हे भ्रष्ट आचरण आहे. दिराला म्हण, "भाऊजी, त्यांचा देव त्यांच्या देवघरात सुखी राहू दे, आपल्या नळाला पाणी रोज येणार की दिवसाआड, ते विचारून या." यावर सासूबाई तुझ्या बाजूने बोलल्या नाहीत तर मला सांग.

आणि हे सगळं नुसत्या गप्पा समजू नकोस, बाई. दाभोलकर आयुष्यभर असंच समजुतीने बोलत राहिले. साताऱ्याचे डॉक्टर, कबड्डीचे खेळाडू. देव मानण्याला आमचा विरोध नाही, देवाच्या नावावर होणाऱ्या फसवणुकीला आणि शोषणाला आहे, हे त्यांनी गावोगाव सांगितलं. तरी २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात फिरायला निघाले असताना त्यांना गोळ्या घातल्या. ज्या कायद्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं खेटे घातले, त्याचा वटहुकूम त्यानंतर काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. खुनाच्या खटल्याचा निकाल लागायला १० मे २०२४ उजाडलं. दोघांना जन्मठेप झाली, तिघं सुटले.

तो जादूटोणाविरोधी कायदा एकदा वाच, फार मोठा नाही. पूजा, वारी, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन यांना त्यात कुठेही आडकाठी नाही, उलट ते स्पष्ट शब्दांत वगळलंय. शेवटच्या अनुसूचीत बारा गोष्टी आहेत आणि त्यांतली एक तुमच्यासारख्या शेतीवाडीच्या घराला ठाऊक असलीच पाहिजे: साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे.

पावसाळा तोंडावर आहे. शेतावर कुणाला पान लागलं आणि मांत्रिकाकडे न्यायची भाषा सुरू झाली, तर तिथे ना पंचांग काढ, ना नारळीकर. १०८ ला फोन लाव किंवा सरळ गाडी काढायला सांग आणि सरकारी रुग्णालय गाठ. सापाच्या विषावरचं इंजेक्शन तिथे फुकट मिळतं.