रोल धुण्याआधी पाण्याचं बघ

चि. सोनूस,


तुझा फोन आला तेव्हा स्टुडिओत गिऱ्हाईक बसलेलं होतं, म्हणून आता सविस्तर लिहितो. कुरुंद्यात घरीच ब्लॅक अँड व्हाइट रोल धुवायचा म्हणतेस आणि तुझ्या आईला ते खूळ वाटतं. तिला सांग, 'राजा हरिश्चंद्र'ची फिल्म दादरच्या राहत्या घरातच धुतली गेली. १९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मच्या कडेला भोकं पाडायचं यंत्र आणलं. कच्ची फिल्म तेव्हा बिनभोकांची यायची. रात्री अंधारात बसून ती भोकं पाडणं, रसायनं कालवणं, फिल्म धुणं हे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी केलं. वर मुलंबाळं आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाक होताच. ३ मे १९१३ला सिनेमा कोरोनेशन थिएटरमध्ये लागला, तेव्हा नाव फाळक्यांचं झालं, आणि ते रास्तच होतं. पण नुसत्या कॅमेऱ्यावर तो सिनेमा उभा राहिला नसता.

एका बाबतीत मात्र त्यांचा कित्ता गिरवू नकोस. त्या काळच्या फिल्मला लाल उजेड दिसत नसे, म्हणून लाल दिवा लावून काम भागायचं. तुझी एचपी-५ पॅनक्रोमॅटिक आहे, तिला लालही दिसतो. गावातला एखादा जुना फोटोग्राफर लाल बल्ब लाव म्हणेल. तो सल्ला प्रिंटच्या कागदापुरता खरा. रोल रिळावर चढवून धुण्याच्या टाकीत बंद करेपर्यंत मिट्ट काळोख हवा. लाइट गेलेली रात्र सगळ्यात सोयीची, फक्त इन्व्हर्टरचा तो ठिपक्याएवढा दिवा झाकायला विसरू नकोस, आणि मोबाइल खोलीबाहेर ठेव. रीळ हाडासारखं कोरडं पाहिजे. घामेजल्या बोटांनी भरायला गेलीस की फिल्म मध्येच अडकते आणि माणूस अंधारात चिडतो. त्यासाठी एक वाया गेलेला रोल घे, आधी उजेडात आणि मग डोळे मिटून भरायचा सराव कर.

आता मुद्द्याचं. डब्यावर लिहिलेली वेळ २० अंश सेल्सियसची असते. तुमच्या वसमत-हिंगोलीकडे एप्रिलमध्ये घरच्या साठवणीच्या पाण्यात हात घातला तर ते कोमटच लागतं. आयडी-११ हे डेव्हलपर एकास एक पाणी घालून वापरलं तर एचपी-५ला २० अंशांवर तेरा मिनिटं लागतात, २४वर नऊ-साडेनऊ. त्याच्याही वर गेलीस की वेळ आणखी घटते, आणि पाच मिनिटांच्या खाली आली की डेव्हलपर सगळीकडे सारखं पोचत नाही, आकाशात पट्टे उमटतात. म्हणून उन्हाळ्यात ते पातळ करूनच वापर. वेळ लांबते आणि चूक पोटात घालायला जागा राहते. फार गरम पाण्यात जिलेटिन फुगून मऊ पडतं, नखाचा ओरखडासुद्धा कायमचा राहतो.

गार करायला बर्फ थेट द्रावणात टाकायचा नाही. माठातलं पाणी घे, बादलीत ओत, द्रावणांच्या बाटल्या त्यात उभ्या करून ठेव. कोरड्या हवेत माठ चांगला गार करतो; पावसाळ्यात त्याच्यावर भिस्त ठेवू नकोस. थर्मामीटर मात्र लागेलच, हातावर पाणी घेऊन अंदाज चालत नाही. आणि २० अंशांचा हट्टही सोड. २४वर काम करायचं ठरवलंस तर डेव्हलपर, हायपो (म्हणजे फिक्सर) आणि धुण्याचं पाणी तिन्ही २४च्या आसपास ठेव. गारातून एकदम गरमात गेलेल्या फिल्मवर जाळीसारख्या बारीक सुरकुत्या पडतात, त्या कशानेच जात नाहीत.

हायपो किती वेळ ठेवायचा हे पुस्तकाला विचारू नकोस. रोलच्या टोकाचा उजेड लागलेला तुकडा काप, वाटीतल्या हायपोत टाक आणि घड्याळ लाव. दुधाळ तुकडा कडेकडेनं विरत जातो आणि मग त्याच्यातून वाटीचा तळ दिसायला लागतो. जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ रोलला दे. ताज्या हायपोला लागायचा त्याच्या दुपटीहून जास्त वेळ तुकड्याला लागू लागला की हायपो संपला समज.

बोअरचं पाणी क्षाराचं, फिल्म वाळली की पांढरे डाग. शेवटची अंघोळ बॅटरीच्या दुकानातल्या डिस्टिल्ड वॉटरची घाल. आधीच्या धुण्याला नळ तासभर सोडायची गरज नाही. टाकी भरून पाच वेळा उलटीपालटी कर, पाणी बदल, मग दहा वेळा, पुन्हा बदल, मग वीस. तीन टाक्यांत काम होतं.

वाळत घालायची ती बाथरूममध्ये, दार लावून. तुमच्याकडे हळद शिजवून पॉलिशला निघाली की अख्ख्या गल्लीवर पिवळी धूळ असते. ओल्या फिल्मवर बसलेला कण नंतर पुसून निघत नाही.

आजोबांच्या कपाटात सापडलेला तो जुना रोल मात्र इतक्यात हातात घेऊ नकोस. आधी टोकाईच्या गडावरचे, बाजारातले, शेजारच्या म्हशीचे असे दोन-चार रोल धू. वहीत तापमान आणि वेळ लिही, आणि एका वेळी एकच गोष्ट बदल. जुन्या रोलचं आपण दिवाळीत मिळून बघू.

तुझा,
मामा

ता.क. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते. तो नाल्यात किंवा आडाकडे ओतू नकोस, कॅनमध्ये साठव. नांदेडला येशील तेव्हा घेऊन ये. आणि रसायनं थंड पेयाच्या बाटलीत कधीही ठेवायची नाहीत, घरात लहान पोरं आहेत.