दुसऱ्या चेंडूचें मोल

बोलिंग म्हटलें कीं आमच्या इकडील मुलांच्या डोळ्यांपुढें क्रिकेटचें मैदान उभें राहतें. आज ज्या बोलिंगविषयीं आम्ही दोन शब्द लिहिणार आहों तें निराळें. गुळगुळीत लाकडी पट्टीवरून जड चेंडू घरंगळत सोडावा व पलीकडच्या टोंकास त्रिकोणांत उभ्या केलेल्या दहा पिना पाडाव्या, असा हा खेळ. पिन म्हणजे बाटलीच्या घाटाचा, १५ इंच उंचीचा खुंट. चेंडू सोडण्याच्या रेषेपासून पहिली पिन ६० फुटांवर असते. २००६ सालीं निन्टेन्डो कंपनीच्या ‘वी स्पोर्ट्स’नें हा खेळ अनेक देशांतील घरांत पडद्यावर आणला, आतां तर मोबाइल हातीं घेऊन परगांवच्या गड्याशींहि तो ऑनलाइन खेळतां येतो. मुलें त्यांत रमतात; पालक त्यास कालापव्यय म्हणतात. उभयतांनीं या खेळाचें गणित एकदां नीट पाहावें, अशी आमची विनंति आहे.

परंपरागत रीतीनें एका खेळाचे दहा भाग असतात. एकेका भागास फ्रेम म्हणतात. प्रत्येक फ्रेममध्यें दोन चेंडू टाकावयास मिळतात. पहिल्याच चेंडूनें दहाहि पिना पडल्या तर तो स्ट्राइक. दोहोंत मिळून पडल्या तर तो स्पेअर. स्ट्राइकच्या दहा गुणांत पुढील दोन चेंडूंचे गुण मिळवितात, स्पेअरच्या दहांत पुढील एका चेंडूचे. दहाव्या फ्रेममध्यें स्ट्राइक किंवा स्पेअर झाल्यास त्यासाठीं जादा चेंडू मिळतो. यामुळें लागोपाठ बारा स्ट्राइक करणारास ३०० गुण मिळतात. त्यापलीकडे गुण नाहींत.

आतां दोन गडी कल्पूं. पहिला गडी दर वेळीं नऊ पिना पाडतो, पण उरलेली एक त्याच्यानें कधींच पडत नाहीं. त्याचे गुण ९०. दुसरा गडीहि पहिल्या चेंडूस नऊच पाडतो, परंतु दुसऱ्या चेंडूनें ती एक पिन टिपतो, व शेवटच्या जादा चेंडूस पुन्हां नऊ पाडतो. त्याच्या प्रत्येक फ्रेमचे दहा अधिक नऊ म्हणजे १९ गुण होतात, आणि एकंदर १९०. पडलेल्या पिना मोजल्या तर एकाच्या ९० व दुसऱ्याच्या १०९. अंतर १९ पिनांचें, परंतु गुणांचें अंतर १०० ! पहिला चेंडू दोघांचाहि सारखाच होता, हें विसरूं नये.

पडद्यावरील खेळांत एक मोह असा आहे कीं जो खऱ्या पट्टीवर नाहीं. पहिला चेंडू बिघडला कीं कळ दाबून नवा खेळ मांडतां येतो. जो असें वारंवार करितो त्यास उरलेली पिन पाडण्याचा सराव कधींच घडत नाहीं, आणि शंभर खेळ मांडूनहि तो होता तेथेंच राहतो. यास्तव पहिला नियम हा, कीं मांडलेला खेळ, तो कितीहि बिघडो, दहाव्या फ्रेमपर्यंत न्यावा.

दुसरें, नेम कोठें धरावा तें समजून घ्यावें. चेंडू डावीकडे वळवीत असाल तर तो पहिल्या पिनेच्या नाकावर न मारतां, ती व तिच्या उजव्या अंगास मागें असलेली तिसरी पिन यांमधील फटींत घालावा. असा बसलेला चेंडू स्वतः चारच पिनांस शिवतो. उरलेल्या सहा पिना पिनांनींच पडतात. तोच चेंडू मधोमध आदळला तर पुष्कळदां दोन्ही कडांस पिना उभ्या राहतात.

तिसरें, कोपऱ्यांतील पिन उरल्यास पट्टी तिरकी ओलांडावी. उजव्या कोपऱ्यांतील दहावी पिन पाडावयाची तर डाव्या बाजूनें चेंडू सोडावा. डाव्या कोपऱ्यांतील सातवीसाठीं उजव्या बाजूनें. चेंडूस वळण देऊं नये. कडेनें सरळ सोडलेला चेंडू किंचित् चुकतांच पन्हळींत पडतो. तिरक्या वाटेस अधिक जागा सांपडते.

चौथें, जागा, दिशा, वेग व वळण या चार गोष्टींपैकीं एका वेळीं एकच बदलावी. चारहि एकदम बदलल्या तर कोणत्या बदलानें काय झालें, हें कळण्यास मार्ग उरत नाहीं. प्रयोगशाळेंत आपले शिक्षक हेंच सांगतात.

शेवटीं एक वही करावी. पहिल्या चेंडूस किती पिना पडल्या, कोणत्या उरल्या, दुसऱ्यानें काय झालें, एवढेंच तींत लिहावें. दहा खेळांनंतर कोणती पिन वारंवार उरते हें ती वहीच सांगेल. मग तिचाच अभ्यास करावा. कांहीं खेळांत पैसे भरून भारी चेंडू विकत मिळतात. त्यांच्या नादीं लागूं नये. नेम विकत मिळत नसतो.

पालकांस एवढेंच सांगणें, कीं खेळण्याची वेळ अवश्य बांधून द्यावी, परंतु मुलास “गुण किती झाले?” असें न विचारतां “स्पेअर किती साधले ?” असें विचारावें. पहिला चेंडू कधीं दैवानेंहि साधतो. राहिलेलें काम पुरें करणें हें मात्र अभ्यासानेंच येतें. परीक्षेच्या पहिल्या सत्रांत कमी गुण पडलेल्या विद्यार्थ्यानेंहि हें ध्यानीं धरावें, कीं त्याच्या हातीं अजून दुसरा चेंडू आहे.