शपथ नको, आजचा दिवस पुरे

मी अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा, म्हणजे ए.ए.चा, सभासद आहे. छापील मजकुरात सभासदाने आपली ओळख उघड करायची नाही ही आमची परंपरा, म्हणून इथे माझं नाव नाही. ज्या घरात आज रात्रीही कुणाच्या तरी पावलांकडे कान लागलेले असतील, त्या घरासाठी हे लिहितो आहे.

१. शपथ घालू नका.
मुलाच्या डोक्यावर हात ठेवून, देवीच्या पायरीवर, गळ्यात तुळशीची माळ घालून दारू सोडलेली माणसं आमच्या गटात पुष्कळ आहेत. मीही त्यांतलाच. त्या क्षणी आम्ही कुणीच खोटं बोलत नव्हतो. पण शपथ जन्मभराची असते आणि तलफ आत्ताची. शपथ मोडली की स्वतःची शरम वाटते, आणि ती शरम बुडवायला पुन्हा बाटलीच लागते. ए.ए.त शपथ नाही. आजच्या दिवसापुरता पहिला प्याला घ्यायचा नाही, एवढंच. तिसरा-चौथा नव्हे, पहिलाच. आमचा ताबा सुटतो तो तिथेच.

२. श्रावण पाळता येतो म्हणजे व्यसन नाही, असं नव्हे.
गटारीला मनसोक्त प्यायची, महिनाभर दिवस मोजत काढायचे आणि मग भरपाई करायची, हे मी वर्षानुवर्षं केलं. ‘श्रावणात थेंब नाही’ हा माझा घरच्यांपुढचा हुकमी पुरावा असे. किती दिवस न पिता राहतो हे बघू नका. एक घेतल्यावर थांबता येतं का, ते बघा.

३. एकदम बंद करायची तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली.
रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू तोडणं जिवावर बेतू शकतं. आधी हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भास होतात, भान जातं. या अवस्थेला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि तिला रुग्णालयच हवं. तसंच, पेशंटच्या नकळत चहात किंवा भाजीत कालवायची पावडर-गोळी घरात आणूच नका. अशा गोळ्यांतलं डायसल्फिराम हे औषध पोटात असताना दारू प्यायली तर रक्तदाब कोसळू शकतो, प्रसंगी मृत्यूही येतो. ते औषध माणसाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचं असतं.

४. दारुड्याचं दारुडा ऐकतो.
१९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावी बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला माणूस कामासाठी आला होता. व्यवहार फिसकटला, पिण्याची ओढ लागली. त्याने बारऐवजी फोन गाठला आणि आपल्यासारखाच दारूने पोखरलेला कुणीतरी शोधून काढला. तो होता सर्जन डॉ. बॉब स्मिथ. त्या दोघांच्या बोलण्यातून ए.ए. उभी राहिली.

आजही मीटिंगमध्ये तेच घडतं. एखाद्या शाळेचा वर्ग, नाहीतर चर्चचा हॉल. एक जण उठतो, आपलं नाव सांगतो, ‘मी अल्कोहोलिक आहे’ म्हणतो आणि स्वतःचंच बोलतो. मध्ये कुणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही. बायकोने, भावाने, साहेबांनी मला समजावलं ते सगळं खरं होतं, पण ते काठावरून आलेलं होतं. इथे बोलणारा माझ्याच उशीखालच्या क्वार्टरबद्दल बोलत होता. सभासदत्वाची अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. फी नाही. खर्च सभासदांच्या ऐच्छिक वर्गणीतून, बाहेरची देणगी घेत नाहीत. आणि हे नुसतं भाबडेपण नाही. कॉक्रेन संस्थेच्या २०२० मधील संशोधन-आढाव्यात, सातत्याने दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत ए.ए.शी जोडणारे पद्धतशीर उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस आढळले.

५. ‘सॉरी’ने नववी पायरी चढता येत नाही.
ए.ए.च्या बारा पायऱ्यांतली आठवी म्हणजे ज्यांना दुखावलं त्यांची यादी, आणि नववी म्हणजे भरपाई. वाण्याची उधारी फेडणं सोपं होतं. बहिणीने विश्वासाने दिलेले दागिने मी गहाण टाकले होते, ते सोडवून तिच्या हातात द्यायला फार वेळ लागला. बायकोपुढे मात्र शब्दांना काही किंमतच उरली नव्हती. पगाराच्या दिवशी पाकीट न फोडता घरी येणं, हीच तिथली माफी. भरपाईने समोरच्याला आणखी इजा होणार असेल, तर मात्र गप्प राहायचं, असंही ती पायरी सांगते.

६. देवावरून अडू नका.
पायऱ्यांत उच्च शक्तीचा उल्लेख आहे. कुणी तिथे विठ्ठल पाहतो, नास्तिक सभासद गटालाच ती शक्ती मानतो. चालतं.

७. घसरलेल्याला दार बंद नसतं.
पुन्हा प्यायलेला माणूस मान खाली घालून येतो, तेव्हा गट त्याला चहा देतो आणि बसायला सांगतो. घरच्यांनी घसरणीचा अर्थ ‘सगळं फुकट गेलं’ असा लावू नये.

८. घरच्यांचीही मीटिंग असते.
दारुड्याच्या बायकोचं आयुष्य त्याच्या पिण्याभोवती फिरू लागतं. बाटल्या शोधणं, ऑफिसला खोटे फोन करणं, मुलांना गप्प करणं. अल-ॲनॉन हे कुटुंबीयांचे गट १९५१ पासून आहेत. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. वहिनी, ताई, नवरा यायला तयार नसला तरी तुम्ही जा. त्याची दारू तुमच्यामुळे लागलेली नाही, हे तिथे पहिल्यांदा कुणीतरी तुम्हाला ठामपणे सांगेल.

ए.ए.च्या खुल्या मीटिंगला कुणीही जाऊन बसू शकतं. व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय टोल-फ्री क्रमांक १४४४६ आहे. फोन उद्यावर टाकू नका, आजच करा.