हाताच्या नसांचे झाड : वाचू नका, काढून पाहा

खांदा उचलणे, कोपर वाकवणे, मूठ आवळणे ही सारी कामे मेंदूच्या हुकमाने होतात. हा हुकूम हातापर्यंत नेणाऱ्या मज्जातंतूंचे, म्हणजे नसांचे, मानेपासून काखेपर्यंत एक जाळे असते. त्याला ‘ब्रेकिअल प्लेक्सस’ म्हणतात. सावनेरहून नागपूरच्या मेडिकल किंवा मेयोत शिकायला जाणारी मुले पहिल्याच वर्षी येथे अडखळतात. नुसते घोकलेले लवकर विसरते, हाताने काढलेले टिकते. म्हणून कागद-पेन्सिल घ्या आणि एक आडवे झाड काढा.

१) मुळे ५ : डावीकडे एकाखाली एक ५ रेघा ओढा. वरून मानेची ५, ६, ७, ८ आणि छातीची १ अशी नावे द्या. (मानेचे मणके ७, पण नसांच्या जोड्या ८ असतात.)

२) खोडे ३ : वरच्या दोन रेघा जोडा, खालच्या दोन जोडा. मधली एकटीच पुढे जाऊ द्या.

३) फाटे ६ : प्रत्येक खोडाला एक पुढचा व एक मागचा फाटा काढा.

४) दोर ३ : मागच्या तिन्ही फाट्यांचा मागचा दोर. वरच्या व मधल्या खोडांच्या पुढच्या फाट्यांचा बाहेरचा दोर. उरलेल्या एका फाट्याचा आतला दोर.

५) शाखा ५ : बाहेरच्या दोरातून मस्क्युलोक्युटेनियस, आतल्यातून अल्नर, दोघांच्या मिळून मीडियन. मागच्या दोरातून अ‍ॅक्झिलरी व रेडियल.

पुस्तक मिटून काढा, मग ताडून पाहा. चूक लाल शाईने सुधारा. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा काढा.

ही आकृती परीक्षेपुरती नाही. मोटारसायकलवरून पडताना खांदा खाली व मान दुसरीकडे ओढली गेली, तर वरची मुळे ताणली जातात. मग हात उचलत नाही, कोपर वाकत नाही, पण मूठ बहुधा वळते. उलट, झाडावरून घसरताना फांदी धरून लोंबकळल्यास खालच्या मुळांना झटका बसतो आणि बोटांची ताकद जाते. अशा खालच्या इजेचे वर्णन १८८५ साली पॅरिसमध्ये ऑगस्टा क्लुम्पके या वैद्यकीय विद्यार्थिनीने केले होते. अडलेल्या बाळंतपणात बाळाचा खांदा अडकला, तर त्याच्याही नसा ताणल्या जातात.

अपघातानंतर हात लुळा किंवा बधिर वाटला, तर ‘मुका मार आहे, उतरेल’ म्हणून मालिश करीत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. नुसती ताणलेली नस बरेचदा आपोआप सुधारते. तुटलेल्या नसेवर मात्र शस्त्रक्रिया लागते, आणि ती साधारणपणे ३ ते ६ महिन्यांच्या आत झाली तरच चांगला गुण येतो. नस जुळायला उशीर झाला की स्नायू सुकतात, आणि सुकलेला स्नायू पुन्हा हुकूम ऐकत नाही.